चार दिवसांचे बिऱ्हाड

यजमानाचा धर्म कोणता, हे आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडत असते. दाराशी आलेल्याला विन्मुख पाठवू नये, आधी त्याच्या पानात वाढावे आणि मग आपल्या. परंतु पाहुण्याचा धर्म कोणता, हे मात्र मला कुणी शिकवले नव्हते. तो धडा मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी व्हेनिस शहरातल्या एका अंधाऱ्या जिन्यात मिळाला.

2024 सालची दिवाळी आटोपून आम्ही दोघे इटलीला गेलो होतो. पेन्शनीत निघालेल्या माणसाने युरोपचा प्रवास करायचा, म्हणजे समोर आलेल्या प्रत्येक आकड्याला मनातल्या मनात नव्वदाने गुणायचे! व्हेनिसमधल्या हॉटेलांचे दर गुणून पाहिले, तेव्हा माझी छाती दडपली. धर्मसंस्थांनी चालवलेली साधी, स्वच्छ अतिथिगृहे तिथे आहेत. पण आम्हांला हवी तिथली खोली भरलेली होती. खाडीपलीकडे, मुख्य भूमीवर मेस्त्रे नावाचा भाग आहे. तिथे जागा बरीच स्वस्त मिळते, आणि आगगाडीने दहा-बारा मिनिटांत व्हेनिस गाठता येते. मला ते पसंत होते.

"म्हणजे बघायचं व्हेनिस आणि झोपायचं भलतीकडेच?" आमच्या घरातून निकाल मिळाला.

शेवटी पुतणीने मोबाईलवर शोधून शोधून कान्नारेज्जो भागातला एक छोटासा फ्लॅट काढला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, भांडीकुंडी. आणि भाडे हॉटेलच्या निम्मे! आपण मोठी बाजी मारली, अशा आनंदात मी होतो.

व्हेनिस हे पायांचे गाव आहे. शंभराहून अधिक बेटे, चारशेहून अधिक पूल, आणि मोटार तर सोडाच, सायकलसुद्धा नाही. घरांचे क्रमांक गल्लीप्रमाणे नसून सबंध भागाचे एकसलग असतात, त्यामुळे ते हजारांत जातात. पत्ता हातात असूनही आम्ही रात्री अकरा वाजता तीन पूल उगाच ओलांडले. चाकांच्या दोन बॅगा दगडी फरशीवरून खडखडत आमच्या मागून येत होत्या. त्या शांततेत तो खडखडाट मलाच ऐकवेना. पण करतो काय!

दारावर चार घंट्या होत्या. तीन घंट्यांपुढे 1, 2, 3 असे नुसते आकडे. चौथीपुढे मात्र पितळेच्या पट्टीवर एक आडनाव कोरलेले होते. त्या वेळी मला त्यात काही विशेष वाटले नाही.

सकाळी पोटपूजेच्या शोधात निघालो. स्वस्तात खाण्याचे तिथले गुपित एकच आहे: बसायचे नाही! कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्यावी, दीड युरोच्या आतबाहेर काम होते. तीच कॉफी सान मार्कोच्या चौकात खुर्चीवर बसून प्यायलात, तर तिच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. दुपारी-संध्याकाळी 'बाकारो' नावाच्या चिंचोळ्या दुकानांत जावे. काचेच्या कपाटात 'चिकेत्ती' मांडलेल्या असतात. म्हणजे पावाच्या चकतीवर कुठे ऑलिव्हच्या तेलात घोटून लोण्यासारखा केलेला सुका कॉड मासा, कुठे उकडलेले अर्धे अंडे, कुठे नुसती भाजी. तारली तळून, कांदा, व्हिनेगर, बेदाणे घालून मुरवतात. तिची आंबटगोड चव मला फार आवडली. दोन-दोन युरोंच्या तीन चकत्या घेतल्या की एका माणसाचे जेवण होते. लहान पेल्यातल्या वाइनला तिथे 'ओम्ब्रा', म्हणजे सावली म्हणतात. पूर्वी घंटामनोऱ्याच्या सावलीत उभे राहून ती विकत, म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. दुकानात गवंड्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळे खांद्याला खांदा लावून उभे असतात. कुणी नवा आला की उभे असलेले जरासे सरकतात, आणि त्याचीही सोय होते. मला तर आपल्या लोकलमधल्या चौथ्या सीटचीच आठवण झाली!

परत आलो, तो जिन्यात पितळी पट्टीवाल्या बाई भेटल्या. सत्तरी उलटलेल्या असाव्यात. हातात भाजीची चाकांची पिशवी. मी ती पहिल्या मजल्यापर्यंत उचलून दिली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी विचारले, "किती दिवस?"

"चार," मी म्हणालो, आणि पद्धतीप्रमाणे आमची नावे सांगू लागलो. बाईंनी हसून हात हलवला. "नको, नको. दर चार दिवसांनी नवी माणसं. नावं लक्षात ठेवणं मी केव्हाच सोडून दिलंय. बॅगा तेवढ्या रात्री उचलून आणत जा."

त्यांच्या बोलण्यात राग मुळीच नव्हता. राग असता तर मी मनातल्या मनात भांडलो तरी असतो.

रिआल्टो पुलाजवळच्या सान बार्तोलोमेओ चौकात औषधांचे एक दुकान आहे. त्याच्या खिडकीत 2008 सालापासून एक आकडा दाखवतात. ऐतिहासिक शहरात उरलेल्या रहिवाशांचा. 1951 साली इथे सुमारे पावणेदोन लाख माणसे राहत होती. 2022 साली हा आकडा पन्नास हजारांच्या खाली उतरला. याचे सगळे खापर प्रवाशांवर फोडणे न्यायाचे नाही. तळमजल्यांची ओल, 1966 सालचा महापूर, दुरुस्तीचा अफाट खर्च, मुख्य भूमीवरच्या कारखान्यांतल्या नोकऱ्या, या सर्वांनी माणसे नेली. पण ती गेल्यावर मोकळी झालेली जागा पुन्हा माणसांना का मिळत नाही, या प्रश्नाचे उत्तर माझ्या खिशात होते. ते म्हणजे त्या फ्लॅटची किल्ली! 2024 साली ठराविक दिवशी नुसते दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून शहर पाच युरो घेऊ लागले. रात्री राहणाऱ्याला मात्र त्यातून सूट, कारण तो मुक्कामाचा कर निराळा भरतो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मी अगदी सभ्य पाहुणा होतो.

मग दोष कुणाचा? घरमालकाचा म्हणावा, तर तोही याच घरात वाढलेला. आईच्या पश्चात त्याने हे घर भाड्याने देण्यास काढले, आणि तो स्वतः मेस्त्रेत राहतो. "वर्षाच्या भाडेकरूपेक्षा तुम्ही लोक दुप्पट देता. मुलीचं शिक्षण त्यावर चाललंय," असे त्याने किल्ली देतानाच सरळ सांगितले होते. त्याला मी कोणत्या तोंडाने नावे ठेवणार? अलिबागजवळच्या आमच्या वडिलार्जित घराबाबत माझ्या धाकट्या भावाने नेमका हाच बेत आखला होता, आणि निघण्यापूर्वी मी त्याला होकार दिला होता. त्या घरात पंधरा वर्षे राहणाऱ्या शाळामास्तरांच्या बिऱ्हाडाला उठवावे लागणार होते, एवढेच.

त्या रात्री मला झोप लागेना. 1976 साली नोकरीसाठी मुंबईला आलो, तेव्हा गिरगावात एका कुटुंबाने मला खाटेपुरती जागा दिली होती. त्या दोन खोल्यांत आधीच सहा माणसे! तेही भाडे घेत होते, मलाही जागा स्वस्तच पडली होती. मग त्या स्वस्ताईचे ओझे मला कधी का वाटले नाही? विचार करता करता उत्तर सापडले. गिरगावातली माणसे माझ्यासाठी सरकली होती. इथे मी ज्या पलंगावर पडलो होतो, तिथले माणूस मात्र कायमचे उठून गेले होते. पाहुणा गरजेपोटी आला की हौसेपोटी, श्रीमंत की गरीब, हा प्रश्न दुय्यम आहे. आपल्यासाठी कुणी सरकले की कुणी उठले, एवढे पाहुण्याने विचारावे. बसलेल्याला सरकवायचा हक्क पाहुण्याला आहे, उठवायचा नाही.

अकरा नोव्हेंबरला तिथे संत मार्टिनचा सण असतो. मुले कागदी मुकुट घालून, पातेली-झाकणे बडवत दुकानादुकानांतून खाऊ मागत हिंडतात. आमच्या गल्लीत पाच मुले आली. बाई खिडकीतून त्यांच्याकडे बघत होत्या. आमच्या हिने बॅगेतला उरलेला फराळ एका बशीत काढला आणि ती सरळ वर गेली.

"अहो, सणाच्या दिवशी शेजारी एकटं माणूस, आणि आपण दार लावून बसायचं?"

संध्याकाळी बशी परत आली. रिकामी नव्हती. तीत घोड्यावर बसलेल्या स्वाराच्या आकाराचे, साखरेने नटवलेले मोठे बिस्कीट होते. बशी रिकामी परत करू नये हा नियम तिथेही आहे, हे पाहून ही हरखून गेली. मलाही बरे वाटले. पण बशीभर चकल्यांनी त्या तीन घंट्यांपुढे नावे येणार नव्हती, हेही मला कळत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे बॅगा हातांनी उचलून, तोंडातून चकार शब्द न काढता आम्ही जिना उतरलो. पुन्हा तिकडे जाणे झाले, तर अतिथिगृहातली खोली महिनोन् महिने आधी ठरवीन. नाही मिळाली, तर चाराऐवजी दोनच दिवस राहीन.

घरी आल्यावर भावाला फोन केला. तो वैतागला. "अरे दादा, मग छपराचे पैसे कुठून आणायचे?" त्याचा प्रश्न खोटा नव्हता, आणि माझ्यापाशी त्याला चोख उत्तरही नव्हते. पुष्कळ वादावादी झाली. अखेर पडवीकडच्या, एरवी बंदच असणाऱ्या दोन खोल्या तेवढ्या प्रवाशांना द्यायच्या ठरल्या. मास्तरांचे बिऱ्हाड जिथल्या तिथे राहिले. उत्पन्न मनात धरले होते त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतके येते, म्हणून अर्धे छप्पर यंदा झाले, अर्धे पुढच्या वर्षी होईल. या पावसाळ्यात माजघरात एका ठिकाणी गळत होते. मास्तरांच्या मुलीने तिथे पातेले ठेवले होते.