आधी राजीनामा, मग उपरणं

परवा एक पक्षप्रवेशाचा सोहळा पाहिला. उपरणं गळ्यात पडताना मान खाली घालावी लागते, त्यामुळे क्षणभर वाटलं, माणूस ओशाळलाय. तसं काही नव्हतं. मान वर आली, माइक पुढे आला आणि अपेक्षित वाक्य बाहेर पडलं : ‘मतदारसंघाच्या विकासासाठी.’

बाकीची कारणं सोडून देऊ. ‘घुसमट होत होती’, ‘कार्यकर्त्यांचा आग्रह होता’ वगैरे. घुसमट मंत्रिपदाची यादी जाहीर झाल्यावरच का सुरू होते, हे डॉक्टरांनी बघावं. पण हा विकास मात्र मला सोडवत नाही.

त्या वाक्याचा अर्थ नीट लावून बघा. रस्त्याचा पैसा तुमच्या-आमच्या करातला. तरीही ज्या तालुक्याने ‘चुकीचं’ बटण दाबलं त्याला तो मिळत नाही, असं हा गृहस्थ भर सभेत सांगतोय. म्हणजे सरकार मतं बघून खडी टाकतं, असा हा आरोप आहे. आरोप गंभीर आहे. तो घेऊन कोर्टात जायचं, सभागृह डोक्यावर घ्यायचं. हे गेले, ते थेट आरोपीच्या गळ्यात हार घालायला! आणि आरोपीही हसत हसत हार घालून घेतो, कारण आरोप झालाय हे दोघांच्याही गावी नसतं.

बरं, विकास म्हणजे काय येतं? पेव्हर ब्लॉक, एक सभामंडप, चौकात हायमास्ट. हायमास्टच्या खांबाला लगेच फ्लेक्स, त्यावर काळ्या गॉगलातले एकोणीस चेहरे, आणि त्यामागे सिग्नल गायब. (फ्लेक्सबद्दल या जागेवर पूर्वीही लिहिलंय. फ्लेक्स उतरेपर्यंत लिहीन.) वीस वर्षं एकाच माणसाला निवडून देणाऱ्या तालुक्यात विकास व्हायचा राहिला असेल, तर तो नेमका कोणामुळे राहिला, हे विचारायला त्या मंचावर कुणी नसतं.

असं काही लिहिलं की फोन येतो : ‘अमेरिकेत असं चालत नाही हो.’ फोन करणारे नातवंड सांभाळायला सहा महिने न्यू जर्सीत राहून आलेले असतात. त्यांना सांगायला हवं, की त्याच न्यू जर्सीतले जेफ व्हॅन ड्रू २०१८ मध्ये डेमोक्रॅट म्हणून निवडून आले आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरात ट्रम्प यांच्या शेजारी बसून रिपब्लिकन झाले. जागा सोडली नाही. तिथे पक्षांतरबंदी कायदाच नाही, कोण विचारणार?

पण त्याच बिनकायद्याच्या देशात फिल ग्रॅम नावाचा एक माणूस निघाला, आणि तो मला अधूनमधून छळतो. जॉर्जियात फोर्ट बेनिंगच्या छावणीत जन्म, वडील लष्करात सार्जंट. पोरगा शाळेत तिसरीत, सातवीत आणि नववीत नापास. पुढे अर्थशास्त्रात डॉक्टरेट, टेक्सास ए अँड एम विद्यापीठात प्राध्यापकी, आणि १९७८ मध्ये डेमोक्रॅट म्हणून काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात. मतं मात्र पहिल्यापासून उजवीकडची : सरकारने खर्च कमी करावा. दक्षिणेतल्या अशा डेमोक्रॅटांना तेव्हा कापसाच्या बोंडात शिरून बसणाऱ्या किडीचं नाव पडलं होतं. विदर्भातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

१९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा खर्चकपातीचा अर्थसंकल्प ग्रॅम यांनी रिपब्लिकन डेल्बर्ट लाटा यांच्या जोडीने मांडला. सभागृहात बहुमत डेमोक्रॅटांचं, सभापती टिप ओनील डेमोक्रॅट. तरी ६३ डेमोक्रॅट फुटले आणि तो मंजूर झाला. स्वपक्षाच्या बैठकांत बसून तिथले डाव ग्रॅम समोरच्यांना कळवत, असा पक्षाचा राग होता. त्यांना अर्थसंकल्प समितीत घ्यायला मदत करणारे टेक्सासचेच जिम राइट तर पार दुखावले. जानेवारी १९८३ मध्ये पक्षाने ग्रॅमना समितीतून काढलं.

इथे आपला माणूस काय करेल, हे आपल्याला पाठ आहे. ग्रॅमनी ५ जानेवारीला खासदारकीचाच राजीनामा दिला. रिपब्लिकन म्हणून त्याच मतदारांसमोर उभे राहिले आणि १२ फेब्रुवारीला पहिल्याच फेरीत निम्म्याहून जास्त मतं घेऊन परत आले. कुठल्याही कायद्याने त्यांना हे करायला सांगितलं नव्हतं. आपल्याकडे १९८५ पासून कायदा आहे आणि त्याने एवढंच शिकवलं, की एकट्याने जाऊ नये, घोळक्याने जावं. आधी पक्षाचे एक तृतीयांश सदस्य पुरत, २००३ नंतर दोन तृतीयांश लागतात.

ग्रॅमना देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. राजीनाम्याच्या दोनच महिने आधी, नोव्हेंबर १९८२ मध्ये, ते डेमोक्रॅट म्हणूनच मतं मागत होते; तत्त्व आठवलं ते समितीतून काढल्यावर. पुढे सिनेटर झाल्यावर खर्चकपातीचा १९८५ चा कायदा त्यांच्या नावाने ओळखला गेला, आणि त्याच वेळी टेक्सासात येणाऱ्या केंद्राच्या पैशाचं श्रेय घ्यायला हे सगळ्यांत पुढे. वॅक्सहाचीचा अणुकण-प्रवेगकाचा अवाढव्य प्रकल्प त्यांनी उचलून धरला. १९९३ मध्ये काँग्रेसने तो अर्ध्यावर गुंडाळला. त्या काळी टेक्सासात फ्लेक्स नव्हते, हे टेक्सासचं नशीब.

तरी एक गोष्ट उरतेच. मत दिलं होतं ते एका नावाला आणि एका चिन्हाला मिळून. चिन्ह बदलायचं तर मत आधी परत करायचं, मग पुन्हा मागायचं. आपल्याकडे हे कुणी केलंच नाही असंही नाही. उदयनराजे भोसले २०१९ च्या मे महिन्यात घड्याळावर निवडून आले, सप्टेंबरात राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले, ऑक्टोबरात साताऱ्याची पोटनिवडणूक श्रीनिवास पाटलांकडून हरले. पुढे २०२४ मध्ये त्याच साताऱ्याने त्यांना पुन्हा लोकसभेत पाठवलं. बाकीच्यांनी यातला हरण्याचा भाग तेवढा पाठ केला.

ग्रॅमना जिंकायची खात्री होती म्हणून त्यांनी राजीनामा दिला, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. तेवढी खात्री आपल्या मंडळींनाही असायला हरकत नाही. इतका विकास येणार आहे म्हणतात, मग पोटनिवडणुकीला घाबरायचं कशाला?