मोठा टँक नेमका कोणासाठी?

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मी घरातला समुद्र हलवला. 120 लिटरच्या टँकमधून 400 लिटरच्या टँकमध्ये. आठवडाभर आधीपासून ज्याला त्याला सांगत होतो, "बिचाऱ्यांना आता जागा पुरत नाही." सोमवारी सकाळी त्या बिचाऱ्यांपैकी एक मेलेली होती.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. आपण दुसऱ्याच्या भल्यासाठी म्हणून काही करतो, ते खरंच त्याच्यासाठी असतं का, हे ओळखायचं कसं?

माझी रीफ साधी आहे. रीफ बांधणारे कठीण प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, म्हणजे वाघाच्या रांगेत. त्यामुळे दगड सिरॅमिकचे, त्यांवर मऊ प्रवाळांचे दोन झुपके, एक कोळंबी आणि क्लाऊनफिशची जोडी. हो, तीच नेमोवाली. दोघं हॅचरीत जन्मलेली. खरा समुद्र त्यांनी कधी पाहिलेला नाही.

रीफ हलवणं म्हणजे नुसतं पाणी ओतणं नव्हे. 280 लिटर नव्या पाण्यात जवळपास 10 किलो समुद्री मीठ घालून ते आदल्या दिवसापासून फिरवत ठेवायचं, त्याचं तापमान जुन्या पाण्याशी जुळवायचं. मासे जुन्याच पाण्याच्या बादलीत. आणि दगड अजिबात सुकू द्यायचे नाहीत, कारण टँकचा जीव दगडांत असतो. माशांच्या शरीरातून निघणारा अमोनिया पचवणारे जिवाणू तिथे राहतात. हे सगळं मी नीट केलं.

चुकलो वाळूत. तीन वर्षांची जुनी वाळू न धुता तशीच नव्या टँकमध्ये ओतली. नवी घ्यायचे पैसे वाचले, शिवाय तिच्यातही जिवाणू आहेतच की, असा हिशेब. तिच्या तळाशी तीन वर्षांचा कुजलेला गाळ होता, तो सगळा ढवळला गेला. रात्री अमोनियाच्या टेस्ट किटमधलं पाणी हिरवं झालं. समुद्राचं पाणी अल्कधर्मी असतं, त्यात अमोनिया जास्तच विषारी ठरतो. जोडीतली मोठी, म्हणजे मादी, पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होती. पहाटेपर्यंत मी पाणी बदलत राहिलो. नर वाचला. ती नाही.

मित्र म्हणाला, "तू चांगल्यासाठीच केलंस ना? मग झालं तर."

मलाही तसंच वाटत होतं. हेतू चांगला, हात चुकला. पण चार दिवसांनी फोनमध्ये काहीतरी शोधताना एक जुनी नोट सापडली. 'मोठ्या टँकमध्ये घ्यायचे मासे'. खाली सात नावं, शेजारी किमती. तारीख हलवाहलवीच्या दोन महिने आधीची. 'जागा पुरत नाही' हे वाक्य मला सुचण्याच्याही आधीची.

मोठा टँक माशांना चांगला असतो, हे खोटं नाही. पाणी जास्त असलं की तापमान आणि खारटपणा सावकाश बदलतो, जिवांना ताण कमी पडतो. म्हणजे त्यांचा फायदा खरा होता आणि माझी हौसही खरी होती. गोची इथेच आहे. शुद्ध स्वार्थ आपल्याला लगेच ओळखू येतो. दुसऱ्याच्या खऱ्या फायद्याआड बसलेला स्वार्थ ओळखू येत नाही. "तुझ्याच भल्यासाठी सांगतोय," हे दहावीनंतर सायन्स घ्यायला लागलेल्या कुणालाही विचारा. सांगणारा खोटं बोलत नसतो, पण पूर्ण खरंही बोलत नसतो.

2020 मध्ये मुंबईच्या कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजीअलीच्या किनाऱ्यावरची काही प्रवाळं उचलून दुसरीकडे बसवली गेली. त्या निर्णयाबद्दल तुमचं मत काहीही असो, कारण उघड होतं: रस्ता हवा होता. मी मात्र माझ्या रस्त्याला प्रवाळांची सोय असं नाव दिलं होतं.

म्हणून आता मी एक हिशेब करतो. यातून माझा फायदा वजा केला, तरी मी हे केलं असतं का? एकही नवा मासा मिळणार नसता, टँक बघायला कोणी येणार नसतं, तर मी पाठ मोडेपर्यंत बादल्या उचलल्या असत्या? बहुधा नाही. आणि ज्याच्यासाठी करतोय त्याच्यावरच माझी नजर असती, तर वाळूत पैसे वाचवले असते? नक्कीच नाही. हेतू तिथेच दिसला, त्या वाळूत. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं, पण इथे ते माझ्या खिशातून गेलं नाही.

मग सगळं बंद करावं का? हॅचरीतला मासा समुद्रात सोडणं म्हणजे त्याला मारणं, आणि सोबत एखादा रोग समुद्रात सोडणं. क्लाऊनफिश नीट सांभाळला तर वीस वर्षंही जगतो. म्हणजे मी चाळिशी ओलांडेन तेव्हाही तो असू शकतो. एकदा पत्करलेली जबाबदारी पश्चात्ताप झाला म्हणून संपत नाही. तिच्यात भर घालायची की नाही, एवढंच आपल्या हातात उरतं.

दुकानदाराचे मेसेज येतात, नवा माल आलाय. मी अजून काही घेतलेलं नाही. पुढेही घेणार नाही, असं छातीठोकपणे सांगत नाही, कारण ती नोट मी पुसलेली नाही.

क्लाऊनफिशमध्ये मादी गेली की नर हळूहळू स्वतःच मादी होतो. आमचा नर आता तिच्याएवढा दिसू लागलाय. एका दगडाच्या कोपऱ्यात राहतो, रात्री तिथेच झोपतो. तो कोपरा जुन्या टँकमध्येही मावला असता.