काउंटरच्या अलीकडून

गेली एकोणीस वर्षं मी औषधाचं दुकान चालवतोय. शेजारच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एक मावशी दर आठ-दहा दिवसांनी यायच्या. "दादा, गुडघ्याच्या गोळ्या द्या." मी डायक्लोफिनॅकची पट्टी काढून द्यायचो. ती चिठ्ठीशिवाय द्यायची नसते, हे ठाऊक असून एकदाही चिठ्ठी मागितली नाही. बीपीच्या गोळ्याही त्या माझ्याकडूनच न्यायच्या. म्हणजे बीपी आहे आणि दुखण्याची गोळी रोज पोटात जातेय, या दोन्ही गोष्टी मला एकट्याला माहीत होत्या. त्यांच्या डॉक्टरांना दुसरी माहीत नव्हती.

एका संध्याकाळी त्यांनी चप्पल काढून पाय पायरीवर टेकवला. पट्ट्याची खूण सुजेत खोल रुतली होती. दुकानात दुसरं गिऱ्हाईक होतं, म्हणून हळू आवाजात म्हणाल्या, "सकाळी डोळ्यांखालीही सुजतं. रात्री तीन-चारदा उठावं लागतं, अन् लघवीला साबणासारखा फेस येतो." असा फेस टिकून राहिला तर लघवीतून प्रथिनं जात असू शकतात, हे मी डी.फार्मला शिकलो होतो. तरी म्हणालो, "वय झालं मावशी. पाणी भरपूर प्या." अंगावर सूज असलेल्या बाईला हा सल्ला! आणि वर गोळ्यांची पट्टी.

खरं तर डॉक्टरांकडे पाठवायला एक वाक्य पुरलं असतं. रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या, एवढंच. किडनी बहुधा दुखत नाही. तिचं काम निम्म्यावर आलं तरी माणूस मशीनवर बसून ब्लाउज शिवत असतो. म्हणून तर बीपी किंवा मधुमेह असलेल्यांनी काही जाणवायची वाट न बघता दरवर्षी या दोन तपासण्या करायच्या असतात. मावशींना तर जाणवतही होतं, आणि त्यांनी ते मला सांगितलंही होतं.

गोळ्यांमुळेच किडनी गेली, असं डॉक्टर म्हणाले नाहीत, बीपी होतंच. या वाक्याच्या आडोशाला मी बरेच दिवस बसलो. पण त्या संध्याकाळी मी गप्प राहिलो ते अज्ञानामुळे नव्हे. गर्दी होती, आणि हातचं गिऱ्हाईक नाराज करायचं नव्हतं.

आता त्या आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिसला जातात. पाणीही मोजून प्यावं लागतं. परतताना दुकानातल्या स्टुलावर टेकतात, डाव्या हातावर पट्टी असते. परवा म्हणाल्या, "कुणी विचारत नव्हतं तेव्हा तुम्ही तरी माझं ऐकून घेतलंत, दादा."

मी त्यांना अजून खरं सांगितलेलं नाही.