शवविच्छेदनाची खुर्ची कोणाची?

जालना जिल्ह्यात संशयास्पद मृत्यू झाला की पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद घेतात, पंचांसमक्ष मरणोत्तर पंचनामा करतात आणि मृतदेह शवविच्छेदनासाठी म्हणजे ‘पीएम’साठी पाठवतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 प्रमाणे ही तपासणी जिल्हा शल्य चिकित्सकाने किंवा शासनाने नेमलेल्या पात्र डॉक्टरने करायची असते. तालुक्याच्या ठिकाणी ती बहुधा त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या वाट्याला येते. ओपीडी, बाळंतपणे आणि शवागार सगळे त्याच्याच अंगावर. न्यायवैद्यक मात्र त्याने एमबीबीएसला एक विषय म्हणून शिकलेले.

या कामाला वेगळी तयारी लागते. गळफासाचा वळ साधारणतः तिरका, वर चढत गेलेला असतो. दोरीने गळा आवळल्याचा वळ आडवा, मानेभोवती पूर्ण फिरलेला. मान उघडण्याआधी डोके आणि छाती उघडून रक्त निथळू द्यावे लागते. हा क्रम चुकला तर विच्छेदनातच पसरलेले रक्त मारहाणीच्या खुणेसारखे दिसू शकते. लग्नाला सात वर्षेही न झालेल्या मुलीचा देह समोर असतो तेव्हा आत्महत्या की खून हे अशा बारकाव्यांवर ठरते, आणि अंत्यसंस्कारानंतर ते पुन्हा पाहता येत नाहीत. इतके मोठे काम ड्युटीच्या पाळीवर सोडणे हा मृतावर आणि त्या डॉक्टरवरही अन्याय आहे.

मुंबईत अशा मृत्यूंची चौकशी करणारे, 1871 च्या कायद्याखालील कॉरोनरचे पद होते, ते 1999 मध्ये रद्द झाले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सनेही 1877 मध्ये कॉरोनर हटवले, पण त्या जागी डॉक्टर असलेला मेडिकल एक्झामिनर आणला. न्यूयॉर्क शहराने 1918 पासून या पदासाठी स्पर्धा परीक्षा ठेवली. मुंबईत पद गेले आणि असे स्वतंत्र पद त्या जागी आले नाही.

जालन्यात 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, म्हणजे न्यायवैद्यकशास्त्र विभागही आला. अडचण खात्यांची आहे: महाविद्यालय वैद्यकीय शिक्षणाकडे, ग्रामीण रुग्णालये सार्वजनिक आरोग्याकडे, व्हिसेरा (मृताचे अंतर्गत अवयव) तपासणारी प्रयोगशाळा गृह विभागाकडे. या तिन्ही खात्यांना जोडणारा, एमडी झालेला जिल्हा न्यायवैद्यक अधिकारी लोकसेवा आयोगामार्फत, ठरावीक मुदतीसाठी नेमावा. मुदतीआधी बदली झाल्यास कारण लेखी द्यावे लागावे. जाफ्राबाद किंवा परतूरच्या नातेवाइकांची फरफट टाळण्यासाठी उघड अपघातांचे पीएम तालुक्यातच व्हावे. गळफास, विषबाधा, विवाहितेचा आणि कोठडीतील मृत्यू एवढी प्रकरणे सरकारी शववाहिकेने, सरकारी खर्चाने जालन्याला आणावीत.