संमती आणि सीमा

जानेवारी २०२३ मध्ये बंगळूरच्या बेळ्ळंदूर पोलिसांनी भाड्याच्या घरात राहणाऱ्या एका तरुण जोडप्याला ताब्यात घेतले. पती उत्तर प्रदेशातून पोटासाठी आलेला सुरक्षारक्षक. पत्नी पाकिस्तानातील सिंध प्रांतातली. इंटरनेटवरील लुडोच्या खेळात त्यांची ओळख झाली. रीतसर व्हिसा मिळून भेट होणे जवळजवळ अशक्य, म्हणून ती नेपाळला आली. तेथे त्यांनी विवाह केला आणि भारत-नेपाळमधील खुल्या सीमेवरून दोघे बंगळूरला पोहोचली. येथे ती निराळ्या नावाने राहत होती व त्या नावाची कागदपत्रेही करून घेतली होती, असे पोलिसांचे म्हणणे. फेब्रुवारीत तिला अटारी सीमेवर पाकिस्तानच्या स्वाधीन करण्यात आले. कायद्याच्या दृष्टीने प्रकरणात गुंतागुंत फारशी नव्हती. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याची जागा २०२५ मध्ये नव्या कायद्याने घेतली असली, तरी असा प्रवेश तेव्हाही गुन्हा होता आणि आजही आहे. नैतिक प्रश्न मात्र एवढ्याने मिटत नाही.

अशा विवाहांवर पहिला आक्षेप घेतला जातो तो न पाहिलेल्या माणसावर विश्वास टाकण्याचा. हा आक्षेप मराठी समाजाने घ्यावा यात थोडी गंमत आहे. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना उभी असलेली वधूवरे कित्येक पिढ्या एकमेकांना जवळजवळ अपरिचितच असत. पाट दूर झाल्यावरच खरी भेट. इंटरनेटवर भेटलेली माणसे निदान महिनोन् महिने बोललेली असतात. फरक परिचयाचा नाही, जामिनाचा आहे. जुन्या लग्नात मध्यस्थ असे, मामा-काका असत, दोन्ही गावांत ओळखीची घरे असत. फसवणूक झालीच तर जाब कोणाला विचारायचा हे ठाऊक असे. हा जामीन मुलीच्या सुखाचा कमी आणि कुळाच्या अब्रूचा अधिक होता, हेही विसरता कामा नये. पडद्यावरच्या ओळखीला असा कोणी जामीन नाही. दोघांनी परस्परांच्या शब्दावर उभे राहायचे असते.

ही मोकळी झालेली मध्यस्थाची जागा आता राज्यसंस्थेने घेतली आहे. स्थळाची चौकशी करणाऱ्या काकांनी विचारावे तसे प्रश्न दूतावासातील अधिकारी विचारतो: ओळख कशी झाली, पत्रव्यवहार कुठे आहे, लग्नाला कोण कोण होते, मिळकत किती. ब्रिटनमध्ये १९९७ पर्यंत एक नियम होता. लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये प्रवेश मिळवणे हा नाही, हे अर्जदाराने सिद्ध करायचे असे. भारतीय उपखंडातील कुटुंबांना त्याची झळ विशेष लागली. साहित्याच्या अभ्यासकाला या नियमातील भाबडेपणा लगेच जाणवावा. कोणत्याही कादंबरीतील विवाहाचा एकच मुख्य हेतू समीक्षकाला सांगता येत नाही. तो खिडकीआडच्या कारकुनाने अर्ध्या तासात सांगावा, अशी ही अपेक्षा. आणि अमेरिकेतील स्थळ चालून आले म्हणून पेढे वाटणाऱ्या पुण्या-मुंबईच्या घरांत वधूला नवरा हवा आहे की अमेरिका, असे कोणी विचारले होते? तेथे गेल्यावर व्हिसाच्या अटींमुळे सुशिक्षित पत्नींना वर्षानुवर्षे नोकरी करता येत नसे. २०१५ मध्ये त्यांतील काहींना ती मुभा मिळाली.

राज्याला चौकशीचा अधिकारच नाही, असे म्हणणे मात्र सोपे असले तरी बरोबर नाही. विवाहाच्या नावाखाली स्त्रियांची विक्री होते, फसवणूक होते. दार सताड उघडे ठेवल्याने त्या स्त्रियांचे रक्षण होत नाही. कांटने १७९५ मध्ये चिरंतन शांततेविषयी लिहिताना परक्याला भेटीला येण्याचा हक्क दिला, पाहुणा म्हणून राहण्याचा नव्हे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यानेही तेवढेच अंतर राखले. वंश, राष्ट्रीयत्व वा धर्म यांच्या आड न येता विवाह करण्याचा हक्क त्यात आहे, स्वतःचा देश सोडण्याचाही आहे. दुसऱ्या देशात प्रवेशाचा नाही. भारताच्या नागरिकत्व कायद्यातही भारतीयाशी विवाह केलेल्या व्यक्तीला अर्जापूर्वी सात वर्षे येथे वास्तव्य करावे लागते, आणि त्या वास्तव्याची परवानगी आधी मिळावी लागते. म्हणजे लग्न करण्याचा हक्क आहे. एका छपराखाली राहण्याचा हक्क त्यातून आपोआप निघत नाही. ज्यांच्या दोन देशांत मैत्री आहे त्यांना ही फट जाणवतही नाही. बेळ्ळंदूरच्या जोडप्याच्या वाट्याला ती संपूर्ण आली.

या प्रकरणात असत्ये दोन होती. पहिले राज्याला सांगितलेले: नाव, कागद, प्रवेश. दुसरे, असलेच तर, एकमेकांना सांगितलेले. तरुणाने आपला धर्म लपवून ओळख वाढवली, असा तिच्या नातलगांचा आरोप वृत्तपत्रांतून आला. तो खरा की खोटा, हे दूर बसून ठरवता येणार नाही. पण तो खरा धरला, तर दोहोंपैकी गंभीर असत्य हेच ठरते. राज्याला फसवले असता नियम मोडतो. जिने केवळ शब्दाच्या भरवशावर घर, देश आणि भाषेचा शेजार सोडला तिला फसवले असता तिची संमतीच पोकळ होते. तरीही या दुसऱ्या असत्याचा निवाडा करण्याचा अधिकार तिचाच होता. ती सोडून जाऊ शकली असती, क्षमा करू शकली असती, किंवा अनेक संसारांत होते तसे काही न ठरवता राहू शकली असती. पहिल्या असत्याची शिक्षा देताना राज्याने दुसऱ्याचा निकाल तिच्या हातून काढून घेतला. त्याच वर्षी नेपाळमार्गेच आलेल्या, तशाच इंटरनेटवरील खेळातून ओळख झालेल्या दुसऱ्या एका पाकिस्तानी स्त्रीला उत्तर प्रदेशात अटकेनंतर जुलैमध्ये जामीन मिळाला. वाट एकच, शेवट वेगळे; यातले किती कायद्यामुळे आणि किती योगायोगाने, हे सांगणे कठीण.

महाराष्ट्राला या प्रश्नाची उलटी बाजू ठाऊक आहे. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला, तेव्हा १८८७ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने तिला जा अथवा सहा महिने कैद भोग असे फर्मावले. तिने कैद पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली आणि पुढे ती डॉक्टर झाली. तेथे राज्य स्त्रीला पतीच्या घरात ढकलत होते, येथे घरातून बाहेर काढत होते. तिच्या संमतीचे काय, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी सर्वांत शेवटी आला. रखमाबाईंना १८८५ मध्ये, ‘एक हिंदू स्त्री’ या आडनावाखाली का होईना, ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रे लिहून आपली बाजू मांडता आली होती. बेळ्ळंदूरच्या घरातील स्त्रीची कथा लोकांपुढे आली ती बहुतांशी पोलिसांच्या आणि नातलगांच्या तोंडून.