कंप कोणाचा?

हैदराबादेस हुसेनसागराच्या बांधावर एका रात्री आम्ही कॅमेरा हाती धरून पाण्यातील बुद्धमूर्तीचे छायाचित्र घेतले. दिव्यांच्या वेड्यावाकड्या रेघा उमटल्या. आम्ही दोष दिव्यांस दिला. परंतु अंधारात कॅमेऱ्याचा पडदा अधिक काळ उघडा राहतो व तेवढ्यात हाताचा कंप चित्रात उतरतो. दिवे स्थिर होते, हललो आम्ही!

कठड्यावर कोपर टेकून, श्वास रोखून घेतलेले दुसरे चित्र स्वच्छ आले. तेवढ्याने ते सत्य झाले काय? १९९० साली ही मूर्ती तराफ्यावरून नेताना अपघात होऊन माणसे दगावली, मूर्ती तळाशी गेली. १९९२ साली ती वर काढून उभारली. ती माणसे चित्रात कोठे आहेत? हात स्थिर हवाच. परंतु न दिसणाऱ्याचे स्मरण ठेवल्यावाचून दर्शन पुरे होत नाही.