पितृऋण आणि पितरांचे प्रमाद

लोणारच्या धारेवर स्नान करून जो यात्रेकरू पितरांना उदक देतो, तो ओंजळ सोडण्यापूर्वी त्या पितरांच्या वर्तनाची तहकिकात करीत नाही. आणि म्हणूनच, धर्मशास्त्राने जे पितृऋण आपल्या शिरी ठेवले आहे त्यात पूर्वजांच्या प्रमादांचाही अंतर्भाव होतो काय, हा प्रश्न मला नेहमी गहन वाटत आला आहे. त्याचा उलगडा करताना मला लिनक्समधील एक प्रकरण फार उपयोगी पडले.

लिनक्सवरील बहुतेक प्रोग्रॅम 'जीलिबसी' या सामाईक लायब्ररीच्या आधाराने चालतात, व तिच्यातील प्रत्येक फंक्शनवर ते ज्या आवृत्तीत दाखल झाले तिचा शिक्का असतो. चिखली-मेहकरकडील एखाद्या कचेरीत अद्याप सेंटओएस ७ हे लिनक्सचे जुने वितरण चालत असेल, तर उबुंटू २२.०४ या नव्या वितरणावर तयार झालेला प्रोग्रॅम तेथे बहुधा 'जीलिबसी २.३४ सापडली नाही' एवढे सांगून थांबेल, कारण तेथील लायब्ररी २.१७ ची आहे. उलट जुना प्रोग्रॅम नव्या लायब्ररीवर सहसा निर्वेध चालतो. जुन्याला नव्याची जाण असणे शक्यच नसल्याने सारी जबाबदारी नव्यावर येते.

आता याच लायब्ररीतील 'मेमसीपीवाय' पाहा. संगणकाच्या स्मृतीतील मजकूर एका जागेवरून दुसरीकडे उतरविणाऱ्या या फंक्शनची अट अशी, की त्या दोन जागा एकमेकींवर येता कामा नयेत. कित्येकांनी ती पाळली नाही, तरी त्यांचे निभावून गेले. पण २०१० मध्ये वेगासाठी उतरविण्याचा क्रम बदलला, आणि फेडोरा १४ या लिनक्स वितरणावर फ्लॅश प्लेयर या प्रोग्रॅमचा आवाज बिघडला. दोष प्रोग्रॅमचाच, असे लायब्ररीच्या बाजूने सांगण्यात आले, आणि नियमाने ते खरेही होते. परंतु वापरणाऱ्याचा त्यात काय अपराध, हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा आक्षेप मला अधिक धर्म्य वाटतो. २०११ च्या २.१४ आवृत्तीत नव्या फंक्शनला नवा शिक्का मिळाला, आणि जुना शिक्का मागणाऱ्यांना त्यांच्या चुकीसकट सांभाळून घेणारे फंक्शन देण्यात आले.

पितृऋणाचे खरे स्वरूप मला येथे दिसते: पूर्वजांची चूक त्यांच्यापुरती सोसावी, परंतु तिला पुढच्यांचा नियम होऊ देऊ नये. मात्र या सोसण्यास मर्यादा आहे. २०१४ साली ओपनएसएसएल या सांकेतिक संवादाच्या लायब्ररीमध्ये 'हार्टब्लीड' हे सुरक्षेतील छिद्र उघडकीस आले तेव्हा ते कोणी जुन्यांसाठी राखून ठेवले नाही, कारण त्यातून परक्यांची गुपिते बाहेर पडत होती. डेबियन या लिनक्स प्रकल्पाने आपल्या स्थिर वितरणातील जुनीच आवृत्ती कायम ठेवून तेवढे छिद्र बुजविले.